नको असलेलं पाणी

कडूबाने टँकरचा पाइप खाली सोडला, पण एकही हंडा पुढे सरकला नाही.

शहराबाहेर, देवळाईच्या पुढे, नव्या प्लॉटिंगमधल्या या गल्लीत एरवी टँकर वळण्याआधीच भांडणं जुंपायची. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता, बोअर आटले होते आणि घरं मात्र वाढतच होती. आज बायका रिकाम्या हंड्यांमागे नुसत्या उभ्या होत्या. कडूबा याच गल्लीत राहायचा. कुणाचा ड्रम कोणता, हे त्याला पाठ होतं. त्याने आपणहून वच्छलाबाईच्या ड्रमात पाइप घातला. तिने पायाने ड्रम आडवा केला. पाणी मुरमात जिरून गेलं.

“आमच्या लेकानं बघितलं तुला दवाखान्यात,” ती म्हणाली. “त्या एड्सवाल्यांच्या खिडकीपुढं, गोळ्या घेताना.”

“मावशी, पाण्यातून नाय लागत ते. हात लावल्यानं बी नाय.”

“आम्हाला नको शिकवू. ने तुझा टँकर.”

संध्याकाळी टँकरमालक आप्पासाहेबांनी किल्ली मागितली. आवाजात राग नव्हता. “लोक पाणीच घेईनात, कडूबा. मी काय करू?” एवढंच म्हणाले, आणि किल्ली हातात न घेता टेबलावर ठेवायला लावली.

तेव्हापासून कडूबा पत्र्याच्या खोलीत बसून असायचा. बायको आवडाबाई बंगल्यांवर धुणीभांडी करायची. तिची आणि लहानग्या लेकीची, सोनियाची, तपासणी चांगली आली होती, लागण नव्हती, पण गल्लीने त्यांनाही पाण्यावरून हुसकून लावलं. बंगल्यावरून आणलेल्या कॅनभर पाण्यात तिघांचं कसंबसं भागायचं. मग बंगलेवाल्यांनीही हात आखडता घेतला. सोनिया कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसायची.

एके दुपारी टँकर आला, तेव्हा आवडाबाई हंडा उचलून बाहेर पडली. कडूबा दाराच्या फटीआड उभा राहिला.

“मागं हो,” वच्छलाबाईचा आवाज आला. “तुझा नवरा घरात हाय तवर तुझा हंडा हितं लागणार नाय.”

आवडाबाईने हंडा खाली टेकवला.

“नाय तो घरात,” आवडाबाई म्हणाली. “हाकलून दिला म्या. गावाकडं गेला, आता नाय यायचा.”

“खरं?”

“लेकराची शपथ.”

मग हंड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

आत येऊन तिने दार लावलं. सोनिया घटाघटा प्यायली. मग आवडाबाईने कडूबापुढे तांब्या धरला, पण वर पाहिलं नाही. त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने टॉवेलचा बोळा तोंडात दाबून ती गिळली. बाहेर बायका अजून बोलत होत्या.

“बरं केलंस,” तो कुजबुजला.

गोळ्या संपल्या होत्या. नव्या आणायच्या तर भरदिवसा ही गल्ली ओलांडून जावं लागणार होतं. त्याने ते सांगितलं नाही.

सकाळी आवडाबाई सोनियाला घेऊन कामावर निघाली. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तिने मागे वळून हळूच विचारलं,

“गोळ्या हायेत ना?”

“हायेत की.”

ती दार ओढून घेऊ लागली.

“आवडे,” तो आतून म्हणाला, “बाहेरून कुलूप लाव. घरात कुणी नाय म्हणल्यावर नुसती कडी बरी दिसत नाय.”

तिने दार ओढून घेतलं. मग कुलूप लागल्याचा आवाज आला.