डाव्या खांद्याचा दस्ता

“डोळे मिटा, आण्णा. मिटलं? आता बंदूक उचला, खांद्याला लावा. घाई न्हाई. लागली? उघडा आता डोळे. काय दिसतंय?”

“लाकूड,” आण्णा म्हणाले.

दौंडमध्ये रेल्वेलाईनच्या अलीकडे हौसरावांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. एक बाक, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर फ्रेम केलेला परवाना, एवढंच. राज्य राखीव दलाच्या शस्त्रागारात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. त्या एकतीस वर्षांत हजारो रायफली त्यांच्या हातून गेल्या, पण सगळ्या एकाच मापाच्या. जवान उंच असो की बुटका, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, सरकारी मापाचा. त्याच्याशी जुळवून घ्यायचं ते जवानानं. माणसाच्या अंगाचं माप घेऊन दस्ता घडवण्याची विद्या त्यांना पुण्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवली होती. ती वापरायची वेळ आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली होती.

आणि आज निमोण्याचे आण्णा स्टुलावर बसले होते. वय एकाहत्तर, एके काळचे सोसायटीचे चेअरमन, शंभरभर एकर बागायत. पाठीशी मुलगा विश्वजीत उभा. त्याची कुरकुंभच्या कारखान्यांना माणसं पुरवण्याची एजन्सी होती. वडिलांचा तोल गेलाच तर धरता यावं म्हणून त्याचा एक हात सारखा अधांतरी होता.

“मामा, ती राहू द्या,” विश्वजीत म्हणाला. “ही दुसरी बघा. पुण्याच्या एका डीलरकडनं पसंतीला आणलीय. आजोबांची लई जड पडती आण्णांना.”

बाकावर दोन दुनळी रायफली होत्या. एक आण्णांच्या वडिलांची, कोंडिबांची; आण्णा त्यांना आबा म्हणत. खडकीचा एक लष्करी साहेब विलायतेला परत जाताना त्यांनी ती त्याच्याकडून घेतली होती. दुसरी डीलरची, तिच्या पोलादावर वाघ कोरलेला. जूनमध्ये बापलेक आफ्रिकेला जाणार होते, रानरेड्याच्या शिकारीला. आपल्याकडे शिकार बंद होऊन पन्नासावर वर्षं झाली. तिकडे रीतसर परवाना काढून करता येते, हे विश्वजीतनं शोधून काढलं होतं, कागदपत्रांसाठी एजंटही गाठला होता. रेडा अंगावर आला तर दुसरी गोळी भरायला सवड मिळत नाही, म्हणून दोन नळ्यांची रायफल हवी.

हौसरावांनी दोन्हींच्या नळ्या सोडवल्या. डीलरच्या नळ्या त्यांनी सुतळीला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. मग कोंडिबांच्या टांगल्या. त्या घंटेसारख्या वाजल्या आणि बराच वेळ वाजत राहिल्या.

“हिच्या दोन नळ्यांमधला डाख सुटलाय,” नक्षीदार बंदुकीकडे बोट करून ते म्हणाले. “एक गोळी हिकडं जाईल, एक तिकडं. परत करून टाका. बंदूक आजोबांचीच घ्या. फकस्त दस्ता बदलावा लागंल. आजोबा उंच व्हते का?”

“सहा फूट दोन इंच,” आण्णा म्हणाले. “आन् मी हा असा.”

विश्वजीत जरा घुटमळला. “त्या दस्त्यावर आजोबांचं नाव हाय, मामा.”

“तो कापत न्हाई मी. नवा करतो. अक्रोडाचा ठोकळा हाय माझ्याकडं, बारा वर्षं सुकलेला. जुना तसाच ठिवा.”

माप घ्यायला हौसरावांनी आण्णांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि खांद्याची खोबण बोटांनी चाचपली. बोटं एकदम थांबली. उजव्या हसळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, कोटाच्या बटणाएवढा टणक उंचवटा होता.

तो काय आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंनाही तो बसवला होता. केमोची सुई दर वेळी शीर शोधत फिरू नये म्हणून. सिंधूबाई जाऊन चार वर्षं झाली होती.

“विश्वजीत, कोपऱ्यावर चहा हाय,” हौसराव म्हणाले. “सांगून या की. बिनसाखरेचा एक.”

मुलगा बाहेर पडला.

“वळखलंत जणू,” आण्णा म्हणाले.

“व्हय. माझ्या मंडळीला व्हता.”

“मग तुमास्नी काय सांगायचं. कालव्याच्या पलीकडं जायचं तरी माझं पाय थरथरत्यात, तिथं आफ्रिका कुठली! पर पोराला आशा हाय. ती आसू द्या त्याला. तुमी मला फकस्त एक बंदूक माझ्या मापाची करून द्या, हौसराव. जमीन आबांची, घर आबांचं, चेअरमनकी बी त्यांच्या नावावर मिळालेली. एक तरी वस्तू माझ्या मापाची आसावी म्हनतो.”

हौसराव टेपची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, “उजव्या खांद्याला जमायचं न्हाई. नुसती टेकवली तरी दुखंल. डाव्याला करू. डावा डोळा कसा हाय?”

“चांगला हाय. पर डाव्या हातानं मी आजवर कायबी केल्यालं न्हाई.”

“शिकायचं.”

आण्णा हसले. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू होतं.

दर गुरुवारी हौसराव दौंडहून एसटी धरून निमोण्याला जाऊ लागले. त्यांनी साध्या आंब्याच्या फळीची एक खोटी बंदूक केली होती. तिच्या दस्त्याला पातळ चकत्या लावून लांबी कमीजास्त करता येई. आण्णा पडवीत बसून ती डाव्या खांद्याला लावायचे. पहिल्या दिवशी चार वेळा, पुढच्या आठवड्यात दहा वेळा. हौसराव गालाखालचं लाकूड तासायचे, एखादी चकती काढायचे, वहीत आकडे मांडायचे. बातमी गावात पसरली. दोन-तीन जण येऊन विचारून गेले, “आण्णा, उसात बिबट्या हाय, त्याच्यासाठी का?” आण्णा म्हणायचे, “त्याला पिंजरा लावलाय फॉरेस्टनं. त्यानं माझं काय वाकडं केलंय?”

तिसऱ्या गुरुवारी आण्णांनी आपणहून विषय काढला. खोटी बंदूक मांडीवर आडवी होती.

“अडुसष्ट साल आसंल. मी चौदाचा. आबा मला दांडेलीच्या रानात घिऊन गेले, दोस्तांसंगं. सकाळच्याला गवा दिसला. पन्नास पावलांवर, उभाच. आबांनी बंदूक माझ्या हातात दिली आन् म्हनले, मार. मी उचलली, तर दस्ता बगलंत अडाकला. डोळ्याम्होरं नुसतं लाकूड. तसाच चाप वढला. गोळी झाडाच्या शेंड्यात, गवा पसार.”

“मग?”

“मग काय. समद्यांदेखत कानफटात मारली. ही मरदानं धरायची चीज हाय, म्हनले. परत कवा हातात दिली न्हाई. चार सालानं शिकारच बंद झाली. आबा गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं. दर दिवाळीला साफ करायला काढायचो, आन् हा कान तापायचा बघा. चेअरमन झालो तरी तापायचा.”

हौसराव उठले. कोंडिबांचा दस्ता विश्वजीतनं आतल्या खोलीत ठेवला होता. तो त्यांनी मागवून घेतला, मांडीवर ठेवला आणि टेप लावला. मग दुसऱ्यांदा लावला.

“साडेपंधरा इंच,” ते म्हणाले. “चौदा वर्षांच्या पोराला साडेबारा लागतो. तीन इंच जादा व्हता, आण्णा. तुमच्या जागी मी आसतो, आजून कुणी आसतं, तरी गोळी शेंड्यातच गेली आसती. चूक तुमची नव्हती. मापाची व्हती.”

आण्णांनी तोंड उसाकडे वळवलं. बऱ्याच वेळानं धोतराच्या सोग्यानं त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “सत्तावन्न वर्षं झाली की हो.”

त्या दिवशी विश्वजीत हौसरावांना फाट्यावर सोडायला आला. मोटारसायकल बंद करून त्यानं विचारलं, “मामा, खरं सांगा. जूनपर्यंत आण्णांचा हात बसंल ना?”

पोरगा हाताचं विचारत नव्हता, हे हौसरावांना कळत होतं. “बसंल की,” ते म्हणाले. आणि एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांना स्वतःचीच चीड आली. सिंधूबाईंना मांडवगणला, माहेरी जायचं होतं. नदीच्या घाटावर घटकाभर बसायचं, एवढंच मागणं. “ट्रीटमेंट संपू दे, मग नेतो,” असं ते म्हणत राहिले. ट्रीटमेंट संपायच्या आधी सिंधूबाईच संपल्या. मांडवगण काही लांब नव्हतं. एक दिवस काढला असता तर झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. बारा वर्षं जपलेला ठोकळा बाकावर घेतला. लोखंडाला काजळ फासायचं, लाकडात बसवून पाहायचं, काजळ जिथं उमटेल तिथं पटाशीनं पापुद्र्याएवढं काढायचं, पुन्हा बसवायचं. दस्ता डाव्या अंगाला किंचित वळलेला, गालाखाली हलकी उशी, लांबी पावणेतेरा. आजारानं आण्णा आणखी आक्रसत चालले होते. दर गुरुवारी माप एक सूत कमी भरायचं आणि हौसराव मुकाट्यानं तेवढं काढायचे. शेवटचं काम तेलाचं. जवसाचं तेल तळहातानं जिरवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा जिरवायचं. नीट करायचं तर चाळीस दिवस लागतात. तेलाचे अकरा हात झाले आणि विश्वजीतचा फोन आला.

“मामा, आण्णांना दवाखान्यातनं घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “मी तिकडचं बुकिंग रद्द केलंय. आण्णांना सांगू नका.”

“न्हाई सांगत. उद्या घिऊन येतो.”

अपुरं काम हौसरावांनी जन्मात कुणाच्या हाती दिलं नव्हतं. या वेळी दिलं. विश्वजीत स्वतः गाडी घेऊन आला आणि दोघं रायफल घेऊन निमोण्याला निघाले.

आण्णांची खाट खिडकीपाशी ओढली होती. सून सायलीनं पाठीमागे तीन उशा रचून त्यांना बसतं केलं. पुढे, त्यानंतरच्या मंगळवारी आण्णा गेले. नियमाप्रमाणे रायफल शिरूरच्या पोलीस ठाण्यात जमा झाली. वर्षभरानं कुणा खरेदीदाराला जुनाच दस्ता हवा होता, म्हणून हौसरावांनी आपल्या हातांनी तो बदलूनही दिला. डाव्या खांद्याचा, पावणेतेरा इंचांचा दस्ता जगात दुसऱ्या कुणाच्या कामाचा नव्हता. पण रायफल आणली त्या दुपारी आण्णांना पुरती शुद्ध होती, आणि तिच्यावरचं कापड सोडलं तेव्हा त्यांनी अक्रोडाच्या रेघांवरून बोट फिरवत विचारलं, “ह्यावर नाव न्हाई घातलं?”

“घालायचंय का?”

“नको. मला ठावं हाय कुणाचीय ते.”

त्यांनी दस्ता डाव्या खांद्याकडे ओढला. तेवढं जमलं. पण पाच किलोंच्या बंदुकीच्या नळ्या काही उचलेनात. हात गादीवरून वर येईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ओशाळून हौसरावांकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या त्या मुलानं आबांकडे असंच पाहिलं असेल.

हौसराव खाटेच्या कडेला गुडघ्यावर बसले. नळ्यांखाली त्यांनी आपला तळहात घातला आणि सावकाश वर उचलला. दस्ता आपोआप खांद्याच्या खोबणीत गेला. आण्णांचा गाल खाली आला आणि लाकडावर टेकला. जराही वाकावं लागलं नाही, की मान ताणावी लागली नाही.

खिडकीबाहेर ऊस होता, बांध होता, बांधावर दोन बगळे होते. शिकार करावी असं काहीही तिथे नव्हतं. आण्णा तेच बघत राहिले. “बरं वाटतंय,” एवढंच म्हणाले.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. आण्णा बंदूक खाली घेईनात आणि हौसरावही काही म्हणेनात. त्यांचं मनगट भरून आलं, मग दंडही. सहासष्टीचा हात, पाच किलो वजन. विश्वजीत दारात उभा राहून पाहत होता. तो आत आला, वडिलांच्या पायाशी बसला आणि न विचारता त्यानं आपला हात हौसरावांच्या हाताखाली घातला.

आण्णांचे डोळे हळूहळू मिटले. गाल दस्त्यावरच होता, श्वास संथ चालला होता. सायली भांडं घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थबकली. फाट्यावर दौंडच्या एसटीनं दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. हौसरावांनी मान वळवली नाही. हाताखाली हात घालून दोघं तसेच बसून राहिले. आण्णांना झोप लागली होती आणि त्यांना उठवायला कुणीच तयार नव्हतं.