पाच शब्द आणि गोळ्यांचा डबा

आमच्या गावात कशाचीही शर्यत होते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टळतो का, हे शोधायला विद्यापीठाचे लोक आले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांनी नावं दिली. कारण काय, तर शेजारच्या गावाने आधी दिली होती. खरी गोळी कुणाला नि खोटी कुणाला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. आमच्याकडे मात्र प्रत्येकाला खात्री, की आपलीच खरी.

वर्षातून एकदा परीक्षा. पाच शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. दर वर्षी तेच: होडी, कुलूप, ताक, हंस, जांभळा. निवृत्त मास्तरीण बाउक्ये बाई दर बुधवारी चर्चमधल्या कॉफीला ते सगळ्यांकडून घोकून घ्यायच्या. "शेजारच्यांपुढे नाक कापून घ्यायचंय का?" असा दम वर.

माझा नवरा वीब्रेन त्या वर्गात पहिला. हाच वीब्रेन दोनदा शेजाऱ्याच्या घरात शिरला आणि त्यांच्या टेबलावर बसून जेवण मागू लागला. त्याला दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात घालायला डॉक्टरांचं पत्र लागतं. आमच्या डॉक्टरांनी मलाच परीक्षेचा निकाल दाखवला, पैकीच्या पैकी. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबा ठणठणीत आहेत. तूच थकलीयेस."

थकले होते, हे खरंच.

यंदा हट्ट धरून मी परीक्षा घरी घ्यायला लावली. म्हटलं, घरात तरी दिसेल. संशोधनवाले डॉक्टर रुलोफ्स आले, कागद पुढ्यात घेतला, घसा खाकरला. ते तोंड उघडणार तोच वीब्रेन म्हणाला, "होडी, कुलूप, ताक, हंस, जांभळा."

"वा! मी सांगायच्या आधीच!" डॉक्टरांनी खूश होऊन खुणा केल्या.

मी कपाळाला हात लावला आणि कॉफी ओतली. पाहुण्यापुढे बिस्किटांचा डबा धरणं हे वीब्रेनचं काम. तो उठला आणि बिस्किटांच्या डब्याऐवजी वर्कशॉपमधला खिळ्यांचा डबा घेऊन आला. झाकण उघडलं. आत गोळ्या, काठोकाठ. रोज सकाळी मी त्याच्या तळहातावर ठेवलेल्या, दोन वर्षांच्या.

"एकच घ्या हं," तो म्हणाला. डॉक्टरांनी खरंच एक उचलली, आणि पाहुण्याला एकच बिस्किट द्यायचं या आमच्या गावच्या रीतीप्रमाणे याने झाकण लावून टाकलं.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलेच. "एकही घेतलेली नाही!"

"काही बिघडत नाही," रुलोफ्स शांतपणे म्हणाले. "गोळी घेवो न घेवो, ज्या गटात नाव, त्याच गटात आम्ही माणूस मोजतो. आणि गुण तर उत्तमच आहेत."

असा संताप आला की डबा त्यांच्या डोक्यात घालावा.

ते निघाले, तसा वीब्रेन दारापर्यंत गेला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टर, या बाई रोज येतात. कॉफी छान करतात. पण घरी जायचं नावच घेत नाहीत. यांचं कुणी नाही का हो?"

रुलोफ्स फॉर्म चाळत राहिले. मग म्हणाले, "हे नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही."

"मागची बाजू कोरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी उभ्याउभ्याच तिथे केंद्रासाठीचं पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. वर्षभर मी याच कागदासाठी भांडत होते. आता तो घ्यायला हात पुढे होईना.

"घ्या ना बाई," वीब्रेन मला अदबीने म्हणाला. "तुमचंच दिसतंय."