लिएनसाठी तळमजला

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्या व्हिएतनामात होती आणि जपानमध्येही आहे. या देशातली एवढी एकच गोष्ट न्यानला अगदी आपल्या घरची वाटायची.

न्यानने आणि मी एकाच होडीतून देश सोडला. तिचा नवरा समुद्रातच गेला. तिची लेक लिएन तेव्हा कडेवर होती. पुढे कोबेत, नागाता भागातल्या कारखान्यात, आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून बुटांना तळ चिकटवत म्हाताऱ्या झालो. त्या डिंकाचा वास अजून कुठे आला की मला न्यानच आठवते.

लिएनला दिवस गेल्याचं कळलं, तशी न्यान माझ्या दारात उभी.

"साऊताई, पोर येणार गं बाळंतपणाला! शेगडी कुठे मिळते सांग."

"अगं, तिसरा महिना चाललाय. आत्तापासून शेक देतेस की काय?"

रविवारी लिएन नवऱ्याला घेऊन न्यानकडे आली. काझुया भला मुलगा, दारातच वाकून वाकून बेजार. लिएन गुडघे मुडपून बसली, तयारीचं कौतुक केलं, आणि हळूच म्हणाली, "पण आई, तिसरा मजला ना. लिफ्ट नाही. जिना जरा..."

इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. अडचण तेवढी पुढे ठेवायची, समोरच्याने समजून विषय सोडायचा. लिएन इथेच वाढलेली, तिला हेच येत होतं. न्यान मात्र अडचण ऐकली की बाह्या सरसावायची. मला घेऊन ती नगरपालिकेच्या घरांच्या कचेरीत गेली. भाषा कुणाला धड येते? तिने कारकुनाला गुडघे दाखवले, जिना चढून दाखवला, मग पोटावर हात फिरवून बाळ दाखवलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, या वयात हिलाच मूल होणार! लोक खिडकीशी जमले. पण तळमजल्यावरची रिकामी खोली मिळाली.

मग लिएन म्हणाली, शेगडीच्या धुराने छताला लावलेली आगीची घंटा वाजेल. न्यानने विजेची शेगडी आणली. मग काझुयाला मासळीच्या रसाचा वास सोसत नाही, असं निघालं. न्यानने सगळ्या बाटल्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या.

"आता तुझ्याकडेच येईन जेवायला."

"न्यान, पोरगी नाही म्हणतेय गं."

"तोंडाने म्हणाली का? मग! मेलं तुला काही चांगलं बघवत नाही."

आठव्या महिन्यात लिएन एकटीच खोली बघायला आली. न्यानने नवी गादी घातली होती, उशाशी आलं आणि हळद वाटून ठेवली होती. "पड जरा. बघ तरी," ती म्हणाली. लिएन पडली. डोळे मिटले. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. वस्तीच्या मंडळाच्या बाई होत्या, कचऱ्याच्या पाळीबद्दल काहीतरी सांगत होत्या.

"लिएन, बघ गं काय म्हणतायत," न्यान म्हणाली.

लिएन कमरेवर हात ठेवून उठली. दारात उभी राहून ऐकलं, वाकली, आईच्या वतीने माफी मागितली, परत वाकली. बाई गेल्या तरी ती गादीवर आली नाही. भिंतीला टेकून बसली आणि आमच्या भाषेत बोलली. ती भाषा तिला लहान मुलीएवढीच यायची.

"आई, मी काझुयाच्या आईकडे जाणार आहे."

"का गं? आता कसली अडचण?"

"अडचण नाही. मी सात वर्षांची होते, डॉक्टरांनी तुझ्या पोटात गाठ आहे म्हणून मला सांगितलं. तुला सांग म्हणाले. मी सांगितलं. घरमालक, शाळा, कचेरी, सगळीकडे मीच. भूकंपानंतर रांगेत उभी राहून सगळ्यांचं मीच बोलले. या घरात मी कधी पडून राहिलेच नाही, आई. मला एक महिना कुणाचं तरी लेकरू व्हायचंय."

"अगं, मी आहे ना करायला."

"तू करशील. पण घंटा वाजली की?"

न्यानने तिच्याकडे बघितलं. मग गादीची घडी घालायला लागली. "बरोबर आहे तुझं," म्हणाली. "तिकडे थंड पाणी देतील. पिऊ नकोस."

लिएन रडत होती. जाताना तिने आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला. न्यानने तिला उठवून जवळ घेतलं नाही. तिला ते धैर्यच झालं नसावं.

महिन्याभराने सकाळी फोन आला तेव्हा मी न्यानकडेच होते. पलीकडे काझुया होता. न्यान ताठ उभी राहून ऐकत होती, "हो, हो," म्हणत होती. तो बराच वेळ बोलत होता. शेवटी तिने पुन्हा पुन्हा आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय झालं?"

"मुलगी. तेवढं कळलं."

"आणि लिएन?"

"ती बरी आहे म्हणाला वाटतं. बाळाबद्दल पुढे काहीतरी म्हणाला... काचेच्या पेटीत ठेवलंय, की ठेवणार आहेत. कसला तरी शब्द दोनदा म्हणाला."

"अगं मग विचारायचं ना! लाव परत फोन."

न्यान खाली बसली.

"काय विचारू, साऊताई? तो पुन्हा तेच सांगेल. न कळलेलं मी आजवर एकीलाच विचारत आले."