बिनटाक्याचं ऑपरेशन

आमच्या मंगळवार पेठेत बाई आजारी आहे की नाही, हे डॉक्टर ठरवत नाही. ते टाके ठरवतात. टाके जास्त असतील तर आजार खरा, आणि त्या मानानं खाटेवर पडून राहायची मुभा. समोरच्या धोंडुबाईंची पिशवी काढली तेव्हा त्यांचं पोट बेंबीपासून खाली उभं चिरलं होतं. त्या जोरावर त्यांनी दोन महिने चुलीकडं पाहिलं नाही, आणि बघायला आलेल्या प्रत्येक बाईला दार लोटून, पदर सारून तो वण दाखवला. मैदान मारून आलेल्या पैलवानाचा असतो तसला थाट होता त्यांचा.

मला मात्र एकही टाका पडला नाही.

माझ्याही पिशवीत गाठ होती. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, म्हणजे पंधरा दिवस मी बाहेर बसलेली. जिना चढताना दम लागायचा, नखं पांढरी पडली होती. मुलगी सात वर्षांची झाली, तिच्या पाठीवर दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. मला अजून एक मूल हवं होतं. घराला नको होतं. मुरगूडला माझ्या थोरल्या जावेला तीन मुलगे आहेत; सासूबाईंना नातवांची ददात नव्हती. तेव्हा ज्याला त्याला माझी पिशवी अडगळीतल्या डब्यासारखी वाटत होती. काढून टाका, जागा मोकळी होईल.

डॉक्टर सरोजिनीबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "गाठ देठाला लोंबतेय. खालूनच काढता येईल. पोट फाडायला नको, पिशवीही राहील." आनंदानं मला खुर्चीतच रडू आलं. ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडताना त्यांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवून बजावलं, "बाहेरून काही दिसत नाही, पण आत जखम आहे. महिनाभर ओझं उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही. भडभडून जायला लागलं, तर पुढच्या वेळी पिशवी वाचवता येणार नाही मला."

श्रेणिकनी मान डोलावली. माझा नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. साच्यातून काढलेला लोखंडाचा ठोकळा निवेपर्यंत त्याला कुणाला हात लावू देत नाही. मला वाटलं, या माणसाला निवणं म्हणजे काय ते कळत असेल.

घरी आले, आणि बघायला येणाऱ्यांची रांग लागली. धोंडुबाई सगळ्यांत आधी. हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि तोंडात एकच प्रश्न.

"टाकं किती पडलं?"

"एकही नाही, मावशी. खालून काढलं."

"एकबी न्हाय?" त्यांनी पुडा परत पिशवीत घातला की काय, असं मला क्षणभर वाटलं. "मग ऑपरेशन कसलं गं ते? नुसती झाडलोट केली म्हण की."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचं नाव अक्काताई, सगळं घर त्यांना अक्का म्हणतं. त्यांनी ते 'झाडलोट' उचललं आणि त्या दिवसापासून गल्लीभर तेच वाटत सुटल्या. "न्हाय न्हाय, चिरलं बिरलं काय न्हाय. झाडलोट केलीया फकस्त. धडधाकट हाय की." पाच-सहा दिवसांत माझं रक्त पूर्ण थांबलं. इतक्या वर्षांत इतक्या लवकर अंग कोरडं झालेलं मला माहीत नव्हतं. मी न्हाले. आणि न्हाणीतून बाहेर आले तेव्हा अक्का माझी वाट बघत बसल्या होत्या.

"झालीस न्हवं शुद्ध? बरं झालं. आमावशेपास्नं चौका लावायचा हाय."

चौका म्हणजे काय ते सांगते. चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराज उतरले होते. ते दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही ज्या दारी त्यांचा मनातला नेम जुळेल त्या दारी. म्हणून घरोघर सोवळ्यात स्वयंपाक करून, दारात कलश घेऊन उभं राहायचं आणि 'नमोस्तु' म्हणून त्यांना बोलवायचं. त्या स्वयंपाकाला नळाचं पाणी चालत नाही. बस्तीच्या आडाचं, हातानं ओढलेलं, फडक्यातून गाळलेलंच लागतं. गिरणीचं पीठही चालत नाही, जात्यावर दळायचं. महाराजांनी कधी कुणाला म्हटलं नसेल की आजारी सुनेकडून पाणी ओढून घ्या. ते आमच्या अक्कांनी आपल्या मनानं जोडलं.

"अक्का, डॉक्टरांनी महिनाभर ओझं उचलायला नको सांगितलंय."

"डाक्टरनी काय बी सांगत्यात. टाका कुठाय तुला तुटायला?"

रात्री मी श्रेणिकना म्हटलं, "अहो, तुमच्यासमोर सांगितलंय डॉक्टरांनी. अक्कांना सांगा ना जरा."

त्यांनी कूस बदलली. "चार घागरी तर हायत. एवढ्यानं काय हुतंय? म्हातारीचं मन मोडतीस कशाला?"

म्हातारीचं मन मोडू नये, बायकोचं पोट मोडलं तर चालेल. हा आमच्या घरचा न्याय.

अमावास्येला पहाटे मी ओलेत्यानं आडावर गेले. बादली सोडली, भरली, आणि दोर ओढायला लागले. रहाट दोन फेरे फिरला असेल नसेल, ओटीपोटात अशी कळ आली की जणू कुणीतरी आतून मूठ आवळली. मी दोर सोडून दिला. बादली दाणदिशी खाली गेली. कठड्याला टेकून मी उभी राहिले, आणि आता जाणार, भडभडून जाणार, म्हणून वाट बघत राहिले. काही गेलं नाही. भीती ओसरली आणि तिच्या जागी संताप आला. मी माझी पिशवी वाचवायला डॉक्टरांच्या पाया पडायचं, आणि या लोकांनी चार घागरींसाठी ती फुकट घालवायची? कुणाच्या बापाची आहे ती?

मी रिकामी घागर घेऊन घरी आले. उंबऱ्याबाहेरच थांबले आणि मोठ्यानं सांगितलं, "अक्का, मी बाहेरची झाले."

"आगं आत येऊ नगंस! हितंच थांब! कशाला शिवू नगंस!" अक्कांच्या हातातलं सूप खाली पडलं.

डॉक्टरांच्या शब्दानं जे झालं नव्हतं, ते न शिवलेल्या कावळ्यानं एका मिनिटात करून दिलं. एरवी बाहेर बसलेल्या बाईकडून अंगण झाडून घेतात, धुणं धुऊन घेतात. पण चौक्याच्या दिवसांत तिची सावलीसुद्धा नको असते. मला परसातली खोली मिळाली. घोंगडं, तांब्या, आणि दोन वेळेला लांबून सरकवलेलं ताट. दळण नाही, पाणी नाही, वाकणं नाही. मी पाय लांब करून झोपले. लग्नाला नऊ वर्षं झाली, भर सकाळी मी कधी अशी आडवी झाले नव्हते.

पाणी मग कोण ओढणार? अक्कांना दमा. तेव्हा श्रेणिक. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करून, ओल्या धोतरात, आडावर. त्याच चार घागरी. महाराज रोज आमच्या दारावरून पुढं जायचे, नेम जुळत नव्हता, आणि अक्कांचा हट्ट की आहार होईपर्यंत चौका उठवायचा नाही. आठवडाभरात श्रेणिकची पाठ धरली. दोन दिवस रजा टाकून खाटेवर पडले. अक्कांनी पाठीला तेल चोळलं, हळदीचं दूध दिलं, धोंडुबाई येऊन हळहळून गेल्या. त्यांना कुणी टाके विचारले नाहीत.

माझा मात्र 'विटाळ' संपत नव्हता. संपवून चालणार नव्हतं. ऑपरेशनाआधीही पंधरा-पंधरा दिवस जायचंच, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. एके दिवशी महाराज आमच्या दारात थांबले. पुढच्या दारी 'नमोस्तु, नमोस्तु' ऐकू आलं, भांड्यांचा आवाज आला, मग सगळं घर शांत झालं. मी परसात भिंतीला कान लावून णमोकार मंत्र म्हणत बसले. आयुष्यात एकदा घरी आहार झाला, आणि मी त्याला ओंजळभर पाणीही देऊ शकले नाही. खूप रडले. राग महाराजांवर नव्हता. धड आजारी पडू देत नाहीत आणि धड भक्तीही करू देत नाहीत, त्या माझ्या घरच्यांवर होता.

त्याच संध्याकाळी दाराआडून अक्कांचं बोलणं कानावर आलं. "आज आहार झाला, तिची अडचण झाली न्हाय. पण हे असं किती दिस? तुझ्या त्या डाक्टरनीचं ऑपरेशन वाया गेलं बघ. आता दाखवायला नेशील तवा पिशवीच काढून टाक म्हणावं. एकदाचा विटाळ सुटंल."

"व्हय," श्रेणिक म्हणाले. "मीबी त्येच म्हणणार हाय."

जे वाचवायला मी खोटं बोलले, त्या खोट्यानंच ते जाणार होतं. तरी मी गप्प राहिले. महिना भरायला थोडेच दिवस उरले होते, आहाराच्या आनंदात अक्कांनी चौका आणखी काही दिवस चालूच ठेवायचं ठरवलं होतं, आणि खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या पहाटे घागर माझ्याच कमरेवर आली असती.

तपासणीला अक्का स्वतः आल्या. माझ्यापासून हातभर लांब बाकावर बसल्या. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "बाई, महिना झाला, आजून जातंयच हिला. आमाला आता ती पिशवी नगो. ह्यो माजा ल्योक हाय, सही करंल."

सही करायला लेक. पिशवी माझी.

डॉक्टरांनी मला आत नेलं, तपासलं आणि बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाल्या, "कोण म्हणतं जातंय? जखम छान भरलीय. यांनी विश्रांती अगदी नेटानं घेतलेली दिसते. दुसरं मूल हवं असेल तर खुशाल होऊ द्या, अजून तीन-चार महिन्यांनी."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "रक्त कधीच थांबलंय. चौक्याच्या आधीच. मी खोटं बोलले."

"खोटं?" अक्का उठून उभ्या राहिल्या. "आगं, धर्माच्या कामात खोटं? विटाळाचं खोटं? पाप लागलं तुला!"

"कसलं पाप? विटाळशी असून शुद्ध म्हटलं असतं तर तुमचा चौका बाटला असता. मी शुद्ध असून लांब बसले. कुणाचं काय बाटलं?" माझा आवाज चढला, बाहेरच्या बाया दारात गोळा झाल्या, आणि मला त्याची पर्वा राहिली नाही. "आपल्या घरात आजारी बाईला विसावा नाही, अक्का. विटाळशीला आहे. म्हणून मी विटाळशी झाले. तुम्ही आणखी काय ठेवलं होतं माझ्याकरता?"

श्रेणिकनी घसा खाकरला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही माणसासारखं बोलेल. ते डॉक्टरांना म्हणाले, "मग बाई, आता पाणीबिणी वडायला हरकत न्हाय न्हवं हिला?"

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की माझ्या मनात जे होतं ते मला बोलावंच लागलं नाही.

चातुर्मास अजून दीड महिना होता, आणि अक्कांचा चौका पुन्हा लागणार होता. घरी आल्यावर मी त्यांना शांतपणे सांगितलं, "माझ्यानं जेवढं होईल तेवढं करीन. नाही झालं तर म्हणेन बाहेरची आहे. तेव्हा ते खरं की खोटं, ते तुम्ही ठरवा. खोटं वाटलं तर घ्या मला चौक्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे, दिवा लावायच्या आधी, माझ्या अंथरुणापासून हातभर लांब त्या येऊन उभ्या राहिल्या.

"राजमती," त्यांनी जपून विचारलं, "आज कसं वाटतंय गं तुला?"

नऊ वर्षांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटूनच म्हटलं, "बघते. सांगते थोड्या वेळानं."