नवव्या खिडकीचं शून्य

"मिस्टर लिंडक्विस्ट, नववं शून्य वेळेआधी उचललं तर सामना खरंच हातातून जातो?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मार्नीने ती बेसबॉलच्या मैदानातल्या धावफलकाच्या आतल्या तापलेल्या खोलीत, शिडीवर उभं राहून एका दमात पुरी केली.

धावफलक सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने खिडकीबाहेरची नजर हलवली नाही. "उचलून बघ की. मग तुझ्या डॅडला तूच सांग."

मित्रांनो, ते नववं शून्य म्हणजे मी. मी एक जुना पत्रा आहे. एका सरबताच्या जाहिरातीतून मला कापलं, म्हणून माझ्या पाठीवर अजून अर्धी बाटली आहे. पाहुण्या संघाच्या ओळीत नऊ डावांच्या नऊ खिडक्या, त्यांसाठी आम्ही नऊ शून्य. बाकीची आठ रोज राबतात. माझी पाळी मात्र नऊच्या नऊ डावांत पाहुण्यांना एकही धाव मिळाली नाही तरच येते. एकदा चेंडू लागून मला पोचा पडला, तेव्हा गावच्या पेपरात माझा फोटो आला होता! नंतर आमचा संघ इतका हरू लागला, की सहा वर्षं मी गळक्या छपराखाली गंजत होतो.

त्या रविवारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता मार्नीचा डॅड, अर्ल. वय छत्तीस. प्रशिक्षकाने सकाळीच सांगितलं होतं, "आज एक जरी धाव दिलीस, तर सोमवारी तुझं कपाट रिकामं कर."

आठ डाव, आठ शून्य. आमची एकच धाव. नवव्यात पाहुण्यांचे दोघे बाद झाले, डाव संपायला तिसराच उरला, आणि मार्नीला दम धरवेना. तिने मला खुंटीवरून काढलं. घाईत माझी कड खिडकीतून बाहेर डोकावली.

"अगं, आत घे!" सगळं मैदान ओरडलं.

"राहू दे, राहू दे!" पाहुण्यांची माणसं हसली. "लावून टाक, घरी जाऊ!"

अर्लने मान वळवून पाहिलं. पुढच्याच चेंडूवर फटका बसला आणि तो गडी पहिल्या बेसवर, धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचला. त्यानंतरचा गडी चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिल्या बेसवर गेला. आता दोघे बेसवर.

मार्नी मला छातीशी धरून खाली बसली. "माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे."

"खुंटीला लाव," लिंडक्विस्ट हळूच म्हणाले. "आणि श्वास घे, पोरी."

पुढच्या गड्याला तीन चेंडू वाईट, दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले; तिसरा हुकला की बाद. अर्लने टोपी सारखी केली आणि जोराचा चेंडू टाकायचा तिथे चक्क संथ, वळणारा टाकला. बॅट आधीच फिरून गेली; तिसरा बाद, सामना आमचा.

"आता!" लिंडक्विस्ट ओरडले. मला खिडकीत लावताना मार्नी रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, थोडं तेलपाणी करा. पण आमच्या डोक्यावर अपयशाचं ओझं ठेवू नका.

थोड्या वेळाने अर्ल शिडी चढून वर आला. मागून मार्नीची मॉम, धापा टाकत.

"कड कुणी काढली बाहेर?"

"मी," मार्नी म्हणाली. "म्हणून तो फटका..."

"छे! बोटांना घाम होता, चेंडू वर राहिला. तो माझा फटका होता. पत्र्याला कशाला श्रेय देतेस?"

मार्नीने खिशातून एक कागद काढला. तीन आठवडे घड्या पडून मऊ झालेला शाळेचा अर्ज. आपल्यामुळे संघ हरेल या भीतीने तो तिने कुणाला दाखवलाच नव्हता.

"मॉम, पेन दे. डॅड, तुम्ही दोघं खाली सही करा. मी शाळेच्या बेसबॉल संघात जातेय, मुलांच्या. आणि बाकावर बसायला नाही, पिचर म्हणून."