मी खिडकीवरून उतरणार नाही

मेंढीच्या लोकरीचा वास, जो धुऊनही जात नाही.

चार खिळे. त्यांतला एक वाकडा.

उसाच्या रसाची गोडसर वाफ लागलेली ओढणी.

"ऊठ, पाव्हणे आलेत."

लांडगा.

सकाळची भाकरी, ताटाखाली झाकलेली, दुपार कलल्यावर खाल्लेली.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. नीट ओळीत लावून सांगायला हवं, हे मला कळतं. पण ज्या खोलीत माणसाला सलग झोप मिळत नाही, त्या खोलीतल्या वस्तूला सलग गोष्ट कुठून येणार?

मी घोंगडी आहे. जुनी, काळी आणि टोचणारी. मऊ ब्लँकेटं मला बघून नाकं मुरडतात. मुरडू देत. त्यांच्यातून ऊन आरपार दिसतं, माझ्यातून दिसत नाही.

माझी सुरुवात धुळाजींच्या मेंढ्यांच्या पाठीवर झाली. शहागडजवळच्या आमच्या गावात तेव्हा त्यांचा मोठा कळप होता. काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, घरातल्या बायकांनी तिचं सूत काढलं, विणकराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्यांची खळ लावून ताठ केलं. लेंडीखतासाठी कळप रात्री शेतात बसवला की लांडग्याच्या भीतीने धुळाजी रात्रभर जागत. दिवसा त्यांचा भाऊ मेंढ्या चारायला नेई आणि धुळाजी लिंबाच्या सावलीत मला तोंडावर ओढून झोपत. त्यांची बायको गोपिकाबाई तेव्हा कुणाला जवळ फिरकू देत नसत. "मालक रातभर जागलेत," एवढं म्हटलं की भांडायला आलेली माणसंही हळू बोलत.

पुढे कळप विकला गेला आणि मी पाहुण्यांची झाले. आमच्याकडे पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवत नाहीत, आधी घोंगडी अंथरतात. पाहुणा आला की मी बाहेर, गेला की पेटीत. पेटीत मला कसर लागली. मान होता, पण काम नव्हतं.

तिथून मला रेणुकाने काढलं. रेणुका ही धुळाजींची सून. तिचा नवरा गोरक्षनाथ ट्रक चालवतो. ती स्वतः साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासते. हंगामात कारखाना दिवसरात्र चालतो, त्यामुळे तिला एक आठवडा सकाळी, एक दुपारी आणि एक रात्री कामाला जावं लागतं. रातपाळीच्या पहिल्याच सकाळी तिने खिडकीला खिळे ठोकले आणि मला टांगलं. खोलीत भरदिवसा रात्र झाली. अंधार मी पेटीतही पाहिला होता, पण हा अंधार मी केलेला होता.

तरीही रेणुका आजारी पडली. काही महिने तिला मासिक पाळीच आली नाही. रक्तातली साखर वाढू लागली. कारण नसताना रडू यायचं. मुलांना सांगायच्या गोष्टीत हे कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मुलांच्या आयाही रात्री कामाला जातात.

डॉक्टरांनी तिला जे समजावलं, ते तिने घरी येऊन सांगितलं आणि मी ऐकलं. मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. 'रात्र झाली' असा तो साऱ्या शरीराला निरोप असतो. तो पोहोचला की अंग निवतं, झोप खोल लागते, आणि—

खसकन्. ऊन.

मला खाली ओढलं होतं. पाहुणे आले होते.

कुठे होते मी? निरोपापाशी. डोळ्यांवर उजेड पडला की ती ग्रंथी निरोप थांबवते. शिवाय पहाटेपासून शरीरात कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक वाढतं. ते म्हणतं, ऊठ, कामाला लाग. रातपाळी केलेला माणूस नेमका तेव्हाच आडवा होतो. या ओढाताणीत झोप तुटते. तुटक्या झोपेने भुकेची संप्रेरकंही बिघडतात. पोट भरलं तरी खावंसं वाटतं, रात्री खाल्लेल्याची साखर रक्तात रेंगाळते, पाळीचं चक्र—

खसकन्.

पुन्हा पाहुणे.

आणि हे पाहुणे यायचे कशाला? रेणुकाच्या तब्येतीची चौकशी करायला! त्यांना बसवायला मला काढायचे, ऊन तिच्या तोंडावर पडायचं, ती उठून चहा करायची. जाताना पाहुणे म्हणायचे, "लईच सुकली की पोरगी."

गोरक्षनाथ रात्रभर ट्रक चालवून आला की तोही याच खोलीत झोपायचा. तेव्हा मला कुणी हात लावत नसे. दिवसा झोपणारा लेक थकलेला असतो आणि दिवसा झोपणारी सून आळशी असते. हा फरक कुठलं संप्रेरक करतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अंधारात सलग झोप मिळाली नाही तर रातपाळी सोडावी लागेल. रातपाळी सोडली की प्रयोगशाळा सुटणार. रेणुकाला ती सोडायची नव्हती. तिच्या हाताशी मी तेवढी होते.

मग एका सकाळी आष्टीहून बेबीनंदा आली. ही गोपिकाबाईंची धाकटी चुलत बहीण. गोपिकाबाईंनी माझं एक टोक खिळ्यावरून काढलं. दुसरं टोक रेणुकाने झोपेतून उठून धरलं.

"आत्या, ऱ्हाऊ द्या," ती सासूला म्हणाली. "आत्ताच डोळा लागल्ता."

"बेबी आलीय. तिला काय मातीत बसवू?"

बेबीनंदा दारातूनच म्हणाली, "झोपू दे की अक्का. मी बसते चपलांपाशी. दिवस डोक्यावर आला तरी बिलकुल लाज न्हाई, बाई!"

"मावशी, तुम्ही कशासाठी आल्या?" रेणुकाने विचारलं.

"आता! तुझी तब्येत पाहायला आल्ते."

"मंग पाहा. ही घोंगडी माझी तब्येत हाय. ती वर असली की मी बराबर असते."

"अक्का, सून डॉक्टरीण झाली का गं?"

गोपिकाबाई भडकल्या. "नोकरी सोड म्हणते तर ऐकत न्हाईस, आन् आता पाव्हणीसमोर माझा मान घालवून राह्यलीस. सोड!"

"तुमचा लेक झोपला की तुम्ही कोंबड्या बी हाकलता. मी काय झोपेचं सोंग करून राह्यले का?"

ओट्यावरून धुळाजी ओरडले, "अगं, फाडता का तिला दोघी? माझ्या मेंढरांची हाय ती!"

मित्रांनो, वस्तूला हात नसतात, असं तुम्ही शिकला आहात. खरं आहे. पण वाकडा खिळा माझ्यात रुतला होता, आणि त्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. गोपिकाबाईंनी हिसका दिला. मी उसवले, पण उतरले नाही.

फटीतून उन्हाची पट्टी रेणुकाच्या तोंडावर पडली. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं. गोपिकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझं सुटलेलं टोक उचललं आणि परत खिळ्याला अडकवलं. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

"बेबे, ओट्यावर चल. सतरंजी टाकते."

"आन् घोंगडी?"

"घोंगडी कामावर हाय."

"मंग पाव्हणीचा मान?"

"मान चहात घालते. जल्दी चल, आवाज नको करू."

बेबीनंदा तोंड वाकडं करून ओट्यावर बसली. चहा मात्र तिने परत मागून घेतला. आत रेणुका ऊन उतरेपर्यंत झोपली.

एका झोपेने आजार जात नाही. रेणुकाची पुढची तपासणी अजून व्हायची आहे. पण नोकरी आहे, आणि खिडकीवर मी आहे.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी कुणी नर्स असेल, चौकीदार असेल, भट्टीवर काम करणारा असेल. त्यांच्या खिडकीला दिवसा जाड कापड दिसलं तर दार वाजवू नका, स्पीकर लावू नका, आणि त्यांना आळशी तर मुळीच म्हणू नका. ही विनंती आहे असं समजू नका. विनंत्या रेणुकाने करून पाहिल्या आहेत. आणि मला खाली ओढायला पुन्हा कुणी आलंच, तर मी फाटेन, पण उतरणार नाही.

गोपिकाबाईंनी मला परत का अडकवलं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला आठवतं: गोरक्षनाथ महिन्याचा होता, तेव्हा भरदुपारी त्यांना झोपेतून उठवून पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापायला बसवलं होतं.