मोगरीचा गळा

"ही मोगरी न्हाय, फक्रुद्दीन. मुसळ हाय." केरबा सुतारानं नवी लाकडी मोगरी फळीवर आपटली. "पटाशीवर हानली की मनगटापातूर झिणझिण्या येत्यात. हिचा गळा बघ की! हात बदलला काय तुझा?"

फक्रुद्दीन खराद्यानं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. हात तेच होते.

"बाभूळ ओली असंल."

"आजवर कधी नव्हती ती! सरदारांच्या चौकटीवर मोर कोरायचं हाईत. ऐतवारपातूर नीट दे, न्हायतर मी उचगावच्या खराद्याकडं चाललो. राग मानू नगंस."

खासबागेचं मैदान तेव्हा नवंकोरं होतं. महाराजांच्या कृपेनं कोल्हापूरकरांना दोनच विषय कळत: स्वतःची कुस्ती आणि दुसऱ्याची कुस्ती. नक्षीवाल्या सुतारांचं मात्र तिसऱ्याही एका विषयावर एकमत होतं, ते म्हणजे फक्रुद्दीनची मोगरी. वर घंटेसारखा माथा, खाली मुठीत विरघळणारा दांडा आणि मधे तो निमुळता गळा. ही कीर्ती फक्रुद्दीननं एकट्यानंच उपभोगली. तो पटाशी लावून लाकूड घडवी, तेव्हा ते खरादावर फिरवायला समोर बसून दोरी ओढायची ती त्याची बायको ताजबी. पण दोरी ओढणाऱ्याचं नाव कोण घेतो?

रमजानच्या आधी ताजबी वारली. दोरीवर तिचा थोरला भाऊ लालासाब आला. जुना पैलवान. तो दोरी ओढत नसे, तिला चितपट करायला बघत असे.

"हळू वढा, भाई."

"हळूच वढतोय की! ह्याच्या खाली मला येत न्हाय."

"गळ्यापाशी आलो की सैल सोडायची."

"गळा आला ते मला कसं कळावं? तुमी वरडताय तवर लाकूड कापलेलं असतंय. ताजबीला सांगत हुता काय?"

फक्रुद्दीननं आठवून पाहिलं. कालवणात मीठ कमी आहे एवढंच तिला सांगितलेलं आठवत होतं.

शनिवारी आणखी एक ठोकळा वाया गेला, तेव्हा लालासाबनं दोरी टाकली. "तुमीच बसा हितं. ती कसं करत हुती बघा."

फक्रुद्दीननं पटाशी त्याच्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा ताजबीच्या जागी, भिंतीला टेकून खाली बसला. दोरी हातात घेतली. समोर खरादाचा खुंट आडवा येत होता.

"लाकूड दिसतंय?" लालासाबनं विचारलं.

"न्हाय."

"मग काय दिसतंय?"

खुंटाच्या वर पटाशी धरणाऱ्याचं तोंड तेवढं दिसत होतं. दुसरं काही नाही.

गळ्यापाशी आल्यावर आपलं तोंड कसं होत असेल, ते फक्रुद्दीनला ठाऊक नव्हतं.

"उद्या केरबा आला, तर उचगावला जा म्हणावं," तो म्हणाला.

लालासाब पटाशी ठेवून पाणी प्यायला गेला. फक्रुद्दीन मात्र तिथंच बसून राहिला. दोरी हातात धरून, खुंटाच्या वर आपलं तोंड जिथं असायचं, त्या रिकाम्या जागेकडं बघत.